आईला बाहेर बसवलं तेव्हा कळलं

परवा एका मैत्रिणीचा फोन आला, तिच्या सासऱ्यांचं विसरणं वाढलंय, कुठल्या डॉक्टरकडे आधी जायचं, टेस्टमध्ये नक्की काय करतात वगैरे. तिला सांगता सांगता तास गेला आणि तरी निम्मं राहिलंच. म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढू. पसरट होईल, चालवून घ्या.

आमचे आप्पा एसटीत कंडक्टर. वाई डेपो. २००४ ला रिटायर झाले. शिक्षण जुनी अकरावी, पण हिशोब असा की किराणावाला मशीनवर बेरीज करायच्या आत आप्पांनी तोंडी सांगून वर सुट्टे पुढे केलेले असायचे. घरातले सगळे निर्णय त्यांचे. मी सायन्सला जायचं की कॉमर्सला, गच्चीवर पत्रा टाकायचा की स्लॅब, कुठल्या भावकीच्या लग्नाला किती आहेर, सगळं. आईने पन्नास वर्षांत बँकेचं स्लिपबुक हातात धरलेलं नाही. हे आधीच सांगते कारण पुढे याचाच घोळ आहे.

विसरण्याचा आजार म्हटलं की आपण वाट बघतो की माणूस नावं कधी विसरतोय, रस्ता कधी चुकतोय. आमच्याकडे तसं काही दिसलंच नाही. आधी गेलं ते ठरवणं. २०२१ च्या दिवाळीत शर्टाचं कापड घ्यायला गेलो तर आप्पा दोन पीस हातात घेऊन दहा मिनिटं नुसते उभे, आणि मग म्हणाले तूच बघ. मला बरं वाटलं होतं तेव्हा! म्हटलं चला, वयानं माणूस मवाळ झाला. मग कळलं की त्यांनी दोन लाखांची एफडी मोडून कुणाच्या तरी सांगण्यावरून दरवर्षी हप्ता भरायची इन्शुरन्स पॉलिसी घेतलीय, पंचाहत्तरीला! ज्या माणसाने आयुष्यभर फुकट्या पॅसेंजरला नजरेने ओळखलं त्याने समोरच्याने दाखवलं तिथे सह्या केल्या. पॉलिसी परत करायची मुदत, तो फ्री लूक पिरियड, कधीच संपलेला. दादा नाशिकहून फोनवर ओरडला, आई म्हणाली मी होते ना शेजारी, त्यांनी विचारूनच केलंय. विषय संपला. आता मागे बघितलं की वाटतं तोच पहिला रिपोर्ट होता, आम्ही वाचला नाही एवढंच.

ऑगस्ट २०२२ मध्ये मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून आई कऱ्हाडला गेली, बारा दिवसांसाठी. लग्नानंतर एवढे दिवस ती आप्पांना सोडून पहिल्यांदाच राहिली असेल, माझ्या नि दादाच्या बाळंतपणाला माहेरी गेली होती ते सोडून. जेवणाचा डबा शेजारच्या काकूंकडून. मी रविवारी, १४ तारखेला, पुण्याहून गेले. आप्पा ओट्यावर बसलेले, अगदी छान, "आलीस होय, चहा टाक." चहा टाकायला फ्रिज उघडला तर दुधाच्या पाच पिशव्या, दोन फुगलेल्या. दूधवाला रोज टाकतोय, आप्पा रोज आत ठेवतायत, तापवायचं आईचं काम. बरं, म्हटलं पुरुषमाणूस आहे, होतं असं.

मग गॅसच्या मागच्या टाइलवर चिठ्ठी दिसली. आईचं अक्षर. 'गॅस बंद केला का?' मला वाटलं जाताना चिकटवून गेली. मोरीच्या दाराला अजून एक, 'गीझर'. कपाटाच्या दाराला आतून एक, 'बनियन, मग शर्ट, मग स्वेटर'. फोनजवळ एक होती, 'मी कऱ्हाडला आहे, ताईकडे', ती कोरी करकरीत होती. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाकीच्या तशा नाहीत. गॅसमागच्या कागदावर तेलाचा थर बसला होता, सेलोटेप पिवळी होऊन कडा सुटलेल्या, त्यावर फोडणीचे डाग. तो कागद किमान वर्षभर तरी तिथे होता, आणि मी त्या वर्षात पाच-सहा वेळा त्याच ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटल्या होत्या.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आई रोज सकाळी तारखेवर काट मारते, मला ती तिची जुनी सवय वाटायची. काट ९ तारखेपर्यंत होती. दहाला सकाळी ती गेली. मी सहज विचारलं, आप्पा आज काय तारीख? त्यांनी मान वर करून कॅलेंडर बघितलं आणि बिनधास्त सांगितलं, "नऊ."

आईला फोन केला. चिठ्ठ्यांचं विचारलं तर आधी गप्प, मग म्हणते, "तुला कुणी सांगितलं होतं भिंती वाचायला?"

तर सुरुवात फॅमिली डॉक्टरपासून. त्यांनी रक्त तपासायला लावलं, थायरॉइड, शुगर, सोडियम, बी १२. आप्पा माळकरी, अंडंसुद्धा नाही, बी १२ आलं १३८, दोनशेच्या वर तरी हवं असतं. आम्हाला इतका आनंद झाला म्हणून सांगू! नुसतं व्हिटॅमिनच कमी आहे की! बी १२ कमी असेल तर खरंच स्मरणावर परिणाम होतो, थायरॉइडनेही होतो, डिप्रेशननेही होतो, म्हणून हे सगळं आधी तपासतात आणि ते बरोबरच आहे. इंजेक्शनं झाली, पायाच्या मुंग्या गेल्या, जिना चढताना दम लागायचा तो कमी झाला. फक्त तारीख काही येईना. आमची चूक एवढीच की इंजेक्शनं चालू असतानाच न्यूरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट घ्यायला हवी होती, आम्ही तीन महिने आशेवर काढले.

नोव्हेंबरच्या मध्यात पुण्याला न्यूरोलॉजिस्टकडे. वाईहून गाडीत आप्पा पुढे, आई मागे. आप्पा रंगात आलेले, सुरूर, खंडाळा, शिरवळ, किकवी, कापूरहोळ, खेड शिवापूर, कात्रज, एकेक स्टॉप यायच्या आधी नाव घेत होते, कुठल्या स्टॉपला दुधाचे कॅन चढायचे, कुठे पोरं पैसे न देता मागच्या दाराने उतरायची, सगळं. आई मागून मला म्हणते, बघ, काय झालंय ह्यांना? उगं नसतं काढलंयस. आणि खरं सांगते, कात्रजपर्यंत मलाही तेच वाटायला लागलं होतं.

डॉक्टर तरुण होत्या, मराठी स्वच्छ. पहिल्यांदा म्हणाल्या घरात जेवढी औषधं आहेत तेवढी सगळी टेबलवर ओता. (हे फोनवरच सांगून ठेवलं होतं, घेऊन या म्हणून.) बीपीची, कोलेस्टेरॉलची, सर्दीची, झोप नीट लागत नाही म्हणून कुणी दिलेली, आणि लघवीला सारखं जावं लागतं म्हणून एक. त्या शेवटच्या स्ट्रिपवर त्यांनी पेनाने काट मारली. मेंदूत आठवणी बसवायच्या कामात ॲसिटिलकोलीन नावाचं एक रसायन लागतं, अल्झायमर्समध्ये तेच कमी पडतं, आणि लघवीच्या काही गोळ्या, सर्दीच्या काही जुन्या गोळ्या नेमक्या त्याच्यावरच ब्रेक लावतात. एकीकडे आम्ही बी १२ भरत होतो आणि दुसरीकडे रोज रात्री ही गोळी. माझ्या मैत्रिणीला मी पहिलं हेच सांगितलं, पिशवी घेऊन जा.

मग प्रश्न. आप्पा, नाव काय? सांगितलं. मुलं किती? आप्पांनी मान वळवून आईकडे बघितलं, आई म्हणाली दोन. नाश्त्याला काय खाल्लं? मान आईकडे, आई म्हणाली पोहे. पेपर वाचता का? मान आईकडे, "वाचतात की, रोज वाचतात." पाचव्या-सहाव्या प्रश्नाला डॉक्टर हसून म्हणाल्या, काकू, तुम्ही जरा बाहेर बसता का?

आईचा चेहरा बघवेना. "मी कशाला बाहेर? त्यांना माझ्याशिवाय..." आणि तिथेच थांबली. पदर सावरून उठली आणि गेली.

मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं की हे मान वळवणं त्या मुद्दाम बघतात. उत्तर काय आलं त्याच्याइतकंच, उत्तरासाठी माणूस कुणाकडे बघतो ते महत्त्वाचं. त्याला डॉक्टर लोकांत नावही आहे, इंग्रजीत अगदी साधं, मान वळवण्याचं चिन्ह म्हणतात. मी तर हे किती वर्षं बघत होते! मला ते प्रेम वाटायचं, नवरा-बायको म्हातारपणी एकमेकांचं वाक्य पूर्ण करतात तसं काहीतरी. म्हणजे ते प्रेम नव्हतं असं नाही. पण एका डोक्यावर दोन माणसं चालली होती, हे त्या दिवशी दार बंद झाल्यावर कळलं.

टेस्ट ३० मार्कांची. मी कोपऱ्यात स्टुलावर, बोलायचं नाही या अटीवर.

साल? "दोन हजार... बारा." महिना? "कार्तिक." कार्तिकच होता! डॉक्टरांनी मार्क दिला. ऋतू? आप्पा म्हणाले "भाताची सुगी चाललीय." डॉक्टर जरा थांबल्या, हसल्या, तोही मार्क दिला. तारीख, वार गेले. गाव पुणे, जिल्हा, राज्य बरोबर, दवाखाना म्हणून सांगितलं, मजला मात्र तळमजला म्हणाले, आम्ही लिफ्टने तिसऱ्यावर आलो होतो. तीन शब्द सांगितले, लगेच म्हणून दाखवले. मग शंभरातून सात वजा करत जायचं. आणि इथे आप्पा! त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट, एका दमात, आणि डॉक्टर बास म्हणायच्या आत "अठ्ठावन्न, एक्कावन्न" पण. मी स्टुलावर बसून मनात तेच करत होते, मी एकोणऐंशीला होते.

मग विचारलं, मगाचे तीन शब्द?

"कुठले शब्द?"

असं नाही की तीनातला एखादा आठवेना. शब्द सांगितले होते हेच त्यांच्या गावी नव्हतं. चिडले नाहीत, लाजले नाहीत. मान वळवली, आईच्या खुर्चीकडे. खुर्ची रिकामी होती. मग माझ्याकडे बघितलं आणि मी खाली फरशीकडे बघत राहिले.

कागद उजव्या हातात घ्या, अर्धा दुमडा, खाली ठेवा, ते नीट केलं. एक वाक्य लिहा म्हटल्यावर आप्पांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'सुटे पैसे द्यावेत'. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन बघून काढायचे होते, ते जमले नाहीत, एक चौकोन आणि शेजारी लांब दुसरा काहीतरी. बेरीज २२. चोविसाच्या खाली आलं की पुढे बघायला लागतं, शिक्षण किती तेही धरायचं असतं.

याशिवाय घड्याळ. गोल काढा, आकडे लिहा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. गोल छान, आकडे बारापर्यंत छान. मग एक काटा अकरावर आणि दुसरा काटा दहावर. मी म्हटलं अशी काय वेळ असते. डॉक्टर म्हणाल्या, मुद्दाम हीच वेळ देतात. दहा मिनिटं म्हटलं की काटा दोनवर न्यायचा हे डोक्याला करावं लागतं, म्हणजे 'दहा' हा आकडा समोर दिसतोय त्याचा मोह आवरायचा आणि मग भाषांतर करायचं. आवरणं आणि ठरवणं मेंदूच्या पुढच्या भागाचं काम. तो ढिला पडला की माणूस समोर दिसतं ते उचलतो. मला एकदम ती पॉलिसी आठवली, समोर ठेवली तिथे सही. आणि तीस वर्षं ज्यांचा दिवस अकरा दहाच्या, पावणेचारच्या गाडीवर चालला त्यांच्या हातून हे.

एमआरआय झाला. आत ठोकाठोक होते त्याला घाबरतील वाटलं, बाहेर येऊन म्हणाले जुन्या लेलँडसारखा आवाज आहे. रिपोर्टात दोन्ही बाजूचा हिप्पोकॅम्पस आकसलेला. समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून ते नाव, दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला असतो, नवीन अनुभवाची नोंद तिथे होते. डॉक्टर म्हणाल्या, ते विसरत नाहीयेत, त्यांची नोंदच होत नाहीये. मला ते आप्पांच्याच भाषेत कळलं, पॅसेंजर चढला, बसला, उतरला, पण तिकीट फाटलंच नाही, वेबिलावर, म्हणजे कंडक्टरच्या हिशोबाच्या कागदावर, काही नाही. मग संध्याकाळी डेपोत हिशोब कुठून लागणार. जुनी वेबिलं मात्र सगळी जागच्या जागी, म्हणून १९७८ चे स्टॉप तोंडपाठ आणि सकाळचे पोहे गायब. अल्झायमर्स, सुरुवातीची पायरी.

त्या आठवड्यात रात्री मी फोनवर काय काय वाचत होते. ज्या बाईवरून हा आजार ओळखला गेला ती ऑगुस्टे डेटर, १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या दवाखान्यात आणली होती, वय फक्त ५१. डॉक्टर अल्झायमरने तिला विचारलेले प्रश्न जसेच्या तसे लिहून ठेवलेत. नाव? ऑगुस्टे. नवऱ्याचं नाव? ऑगुस्टे, बहुतेक. मी तिथे थांबले, पुढे वाचवेना. आईला यातलं काहीच सांगितलं नाही.

औषध डोनेपेझिल, आधी ईसीजी काढून, कारण त्याने नाडी मंदावू शकते. पाच मिलिग्रॅम, रात्री. पहिल्या पंधरा दिवसांत पोट बिघडलं आणि स्वप्नं अशी पडायला लागली की आप्पा रात्री तीनला उठून "डबल मार, डबल मार" म्हणून बेल द्यायला हात वर करायचे. डॉक्टरांनी गोळी सकाळवर आणली, स्वप्नं थांबली. औषधाने आजार थांबत नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, काही लोकांना काही महिने बरे जातात एवढंच. मला त्यांचं हे आवडलं. दुसरं म्हणजे कान. आप्पांना डाव्या कानाने कमी येतं, इंजिनशेजारी जन्म गेला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशनच्या २०२० च्या रिपोर्टात डिमेन्शियाची, म्हणजे अशा विसरण्याच्या आजारांची, टाळता येण्यासारखी जी १२ कारणं दिलीत त्यात ऐकू न येणं आहे. मशीन बसवल्यावर विसरलं म्हणून आम्ही धरत होतो त्यातलं बरंच काही ऐकूच आलं नव्हतं असं निघालं. तरी ते मशीन खिशातच जास्त असतं.

आता सगळ्यात कामाचं, आणि हे कुणी सांगत नाही. दादा म्हणाला आप्पांचं कुलमुखत्यारपत्र करून घेऊ, म्हणजे उद्या ते सही करू शकले नाहीत तरी आपल्याला करता येईल. वकिलांनी सांगितलं, उलटं आहे. ज्याने दिलंय त्याची बुद्धी गेली की आपल्याकडे ते मुखत्यारपत्रही कायद्याने संपतं. म्हणजे छत्री अशी की पाऊस आला की मिटते. त्यामुळे जे करायचं ते आप्पांना कळतंय तोवर. बँकेचं खातं आईबरोबर जॉइंट, दोघांपैकी कुणीही काढू शकेल असं. आणि मृत्युपत्र, दोन साक्षीदार, सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट की आज यांना समजतंय.

जानेवारी २०२३ मध्ये ते केलं. वकिलांनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं, यावेळी मलाही, आणि आप्पांना एकट्यांना विचारलं घर कुणाला द्यायचंय. आई बाहेर बाकावर पुटपुटत होती, त्यांना नाही सांगता येणार, त्यांना नाही सांगता येणार. आप्पांनी आत सांगितलं, घर हिच्या नावावर, तिच्या माघारी दोघांना सारखं. तारीख विचारली असती तर आली नसती. पण घर कुणाचं हे विचारल्यावर मान वळवायला कुणी नव्हतं आणि वळवायची गरजही पडली नाही. वकील म्हणाले तारीख न येणं वेगळं आणि आपलं काय आहे, आपलं कोण आहे हे न कळणं वेगळं, कायदा दुसरं बघतो.

वर्षाने टेस्ट पुन्हा झाली. १७. कार्तिक आला नाही. सात वजा करताना बहात्तरपर्यंत आले. वाक्य लिहा म्हटल्यावर पुन्हा 'सुटे पैसे द्यावेत', तसंच ठसठशीत. तेव्हा आईने डॉक्टरांना विचारलं की मी बोलून दिलं म्हणून त्यांचं वाढलं का. डॉक्टर म्हणाल्या नाही काकू, तुम्ही होतात म्हणून ते इतकी वर्षं चाललं, फक्त आम्हाला उशिरा दिसलं. आई त्यावर काही बोलली नाही, पण येताना शिरवळला चहाला थांबलो तर स्वतःहून भजी मागवली, दोन प्लेट.

आता व्यवहार आई बघते. दादाने शिकवायचा प्रयत्न केला, दोघांची भांडणं झाली, शेवटी मी शिकवलं. मागच्या महिन्यात तिच्याबरोबर एटीएमला गेले. आप्पाही होते, त्यांना आता एकटं घरी ठेवत नाही. मी तिच्यामागोमाग आत शिरले तर वळून म्हणते, "तू बाहेर थांब. नंबर टाकायचाय मला."

आम्ही दोघं बाहेर उभे. काचेतून ती दिसत होती, चष्मा कपाळावर, एकेक बटण दाबून वर बघायची, परत दाबायची. पाच मिनिटांनी बाहेर आली आणि नोटा सरळ आप्पांच्या हातात दिल्या. आप्पांनी अंगठ्याला थुंकी लावली, नोटांची गड्डी बोटांत उभी दुमडून धरली, कंडक्टर धरतात तशी, आणि फरफर मोजल्या.

"दहा हजार. बरोबर आहेत," म्हणाले, आणि मग आईकडे बघून, "पण सगळ्या पाचशेच्याच आणल्यास. सुट्टे?"